घरगुती पाणबुडे

घरी केलेल्या वस्तूला आपल्याकडे जो मान आहे तो दुकानातल्या वस्तूला कधीच मिळायचा नाही. रुखवतात लाडू-करंज्या मांडल्या की 'सगळं घरी केलेलं आहे हं' असं चारचौघांत सांगितल्याशिवाय मुलीच्या मावशीला चैन पडत नाही. दिवाळीचा आकाशकंदील घरी करायचा म्हणून बाप नि मुलगा रात्री दीड वाजेपर्यंत खळीत हात बुडवून बसतात. सकाळी तो कंदील एका अंगाला कलंडलेला दिसतो, पण त्याचं कौतुक बाजारातल्या सरळ कंदिलापेक्षा जास्त होतं. घरगुती वस्तूचं खरं आकर्षण त्यातच आहे. तिथे चूक माफ असते. चकली मऊ पडली तर नवरा खातो. कंदील वाकडा झाला तर त्याची वाकडी बाजू भिंतीकडे करतात.

परंतु या जगात असेही लोक होऊन गेले, की ज्यांनी पाण्याच्या तळाशी श्वास घेण्याचं यंत्र घरी केलं! आज मालवणला किंवा तारकर्लीला गेलेला पर्यटक पाठीवर नळकांडं बांधून, तोंडात रबरी बोंडी धरून पाण्याखाली जातो आणि वर आल्यावर महिनाभर सगळ्यांना मोबाइलवर मासे दाखवत सुटतो. त्या 'स्कूबा' नावाच्या सामानाचा वंशवृक्ष काढायला बसलं, तर प्रत्येक फांदीवर एखादा घरगुती कारागीर बसलेला सापडतो. कुणी पिंप घेऊन, कुणी मोटारसायकलची ट्यूब घेऊन, तर कुणी चक्क गॅसचा रेग्युलेटर घेऊन.

आता मी बँकेतला कारकून. पाण्याशी माझा संबंध सकाळी सहा ते सात नळ येतो तेवढ्यापुरता. मला पोहता येत नाही. मग मी या भानगडीत का पडलो? तर कॉमर्सचा पदवीधर आहे म्हणून. पाण्याखालचा सगळा इतिहास हा मुळात जमाखर्चाचा इतिहास आहे, आणि तिथला ताळेबंद जुळला नाही तर नुसता मेमो मिळून भागत नाही.

हिशेब साधा आहे. पाण्याखाली राहायचं म्हटलं की प्रत्येकाला पहिली कल्पना सुचते ती लांब नळीची. एक टोक तोंडात, दुसरं वर हवेत, झालं काम! सिनेमातला नायक बोरूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्यात लपतो, तसं. पण माणूस एक मीटर खाली गेला की अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा १०० ग्रॅम भार पडतो. छातीचा एक चौरस फूट धरला तर झाले ९३ किलो. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची असते. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक आमच्या हेड कॅशियरला छातीवरून उठवायचं आणि श्वास सोडताना पुन्हा बसवून घ्यायचं. दोनचार श्वासांत माणूस राजीनामा देईल. दहा मीटरवर तर आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाइतका आणखी एक अख्खा दाब वाढतो. म्हणून खाली जी हवा द्यायची ती तिथल्या पाण्याच्या दाबाचीच द्यावी लागते. बाहेरून जेवढं नावे, तेवढंच आतून जमा! ही पाण्याची डबल एंट्री. गेल्या तीनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी घरी यंत्र केलं, त्यांची गाठ शेवटी या एकाच खात्याशी पडली.

पहिला मान इंग्लंडातल्या जॉन लेथब्रिजचा. डेव्हन परगण्यातल्या न्यूटन ॲबट गावचा हा लोकरीचा व्यापारी. १७१५ साली त्याचं वय चाळीस, धंदा बसलेला आणि मुलं सतरा! मी आकडा चुकून लिहिलेला नाही, सतराच. अशा परिस्थितीत तुमच्या-माझ्यासारखा माणूस पीएफमधून उचल घेतो. पीएफ नसल्यामुळे लेथब्रिजने विचार केला, की समुद्रात बुडालेल्या जहाजांत एवढा पैसा पडून आहे, तो काढावा. (सतरा मुलं घरात असलेल्या माणसाला समुद्राचा तळ हे शांत ठिकाण वाटलं असणं शक्य आहे, पण ते त्याने लिहून ठेवलेलं नाही.)

त्याची पद्धत मात्र आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी पाठ थोपटावी अशी. प्रथम तो एका पिंपात शिरला. जमिनीवर. पिंप घट्ट बंद करून आत अर्धा तास बसला आणि एवढ्या हवेत आपण जगतो हे पाहून घेतलं. मग घरामागच्या फळबागेत विहिरीजवळ चर खणला, त्यात पाणी सोडलं आणि पिंपासकट त्या पाण्याखाली बसून पाहिलं. एवढं झाल्यावरच त्याने खरं यंत्र करवून घेतलं. सहा फूट लांबीचं, डोक्याकडे अडीच फूट रुंद, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं लाकडी पिंप. बघायला जाड काच. हात बाहेर काढायला दोन भोकं आणि त्यांना चामड्याच्या बाह्या. आत पालथं पडायचं, दोरखंडाने खाली सोडवून घ्यायचं आणि मधूनमधून वर येऊन भात्याने ताजी हवा भरून घ्यायची. पिंपाच्या आतला दाब वरच्यासारखाच राहायचा, त्यामुळे अंग सुखरूप. पाण्याचा सगळा राग बाहेर काढलेल्या दोन हातांवर. पण याच पिंपात बसून त्याने पुढे मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटापाशी १७२४ साली बुडालेल्या 'स्लॉट टर होगे' या डच जहाजातून चांदीच्या शेकडो लगडी वर काढल्या. कर्ता पुरुष कामावर जायला निघाला म्हणजे डब्यात बसून निघाला, एवढाच काय तो फरक.

लेथब्रिज पिंपात बसत होता त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत बॉस्टन गावी एक मुलगा दोन लाकडी फळ्या तासत होता. दहा इंच लांब, सहा इंच रुंद, चित्रकाराच्या रंगाच्या पाटीसारख्या लंबगोल, अंगठ्यासाठी भोक ठेवलेल्या. या हातात धरून पोहलं की वेग वाढतो, पण मनगटं भरून येतात, असा निष्कर्ष त्याने काढला. पायांनाही तसल्याच सपाता बांधून पाहिल्या, त्या फारशा पसंत पडल्या नाहीत. हा मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. पुढे त्याने विजेवर प्रयोग केले, देश स्वतंत्र करण्यात भाग घेतला, ते सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. मला त्यातली मनगटं भरून आल्याची नोंद महत्त्वाची वाटते. ती का, ते पुढे सांगतो.

यानंतरचे इंग्लंडातले चार्ल्स आणि जॉन डीन हे भाऊ म्हणजे आपल्या छोट्या उद्योजकांचे पूर्वजच. चार्ल्सने १८२३ साली एका शिरस्त्राणाचं पेटंट घेतलं. कशासाठी? तर आग विझवणाऱ्यांना धुरात शिरता यावं म्हणून. डोक्यावर धातूचा टोप, त्यात नळीने हवा. माल उत्तम, पण गिऱ्हाईक मिळेना. आपला माणूस असता तर तो टोप माळ्यावर गेला असता आणि गणपतीच्या सजावटीला खाली आला असता. डीन बंधूंनी तो घातला आणि पाण्यात उतरले. जे आगीत खपलं नाही ते पाण्यात खपलं! १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेवर १८३६ साली हे भाऊ जाऊन पोचले ते याच मार्गाने. वर बसून पंप मारणारा माणूस खोलीच्या दाबाने हवा पाठवत होता, म्हणजे नावे-जमा जुळत होतं.

पण नळी आली की दावं आलं. दावणीला बांधलेल्या म्हशीइतकंच स्वातंत्र्य. म्हणून आपली हवा आपल्याच अंगावर घेऊन जाण्याची धडपड सुरू झाली. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनच्या कारखान्यात काम करणाऱ्या चार्ल्स काँडर्ट नावाच्या मिस्त्रीने तांब्याची नळी घोड्याच्या नालासारखी वाकवून कमरेभोवती बसवली, तिच्यात हवा कोंबून भरली आणि ईस्ट रिव्हरमध्ये उतरून बघितलं. काम झकास चाललं. पुन्हा उतरला. तेही झकास. १८३२ साली एकदा पाण्याखाली असताना ती नळी तुटली आणि काँडर्ट वर आला नाही. खोली होती सुमारे वीस फूट. वीस फूट म्हणजे आमच्या इमारतीचा दुसरा मजलासुद्धा नव्हे.

इथे घरगुतीपणाची गंमत संपते. चकली बिघडली तर ती बिघडलेली आहे हे खाताना कळतं, आणि ते कळायला खाणारा शिल्लक असतो.

पुढचा घरगुती वीर हेन्री फ्ल्यूस. व्यापारी जहाजावर नोकरी केलेला इंग्रज गृहस्थ. १८७८ साली त्याने असं यंत्र केलं की सोडलेला श्वास फुकट न घालवता त्यातली घाण तेवढी काढायची, थोडा नवा ऑक्सिजन मिसळायचा आणि तोच पुन्हा घ्यायचा. म्हणजे आपल्याकडे वडिलांची पँट उलटवून मुलाला शिवतात त्यातलाच प्रकार. रबर लावलेल्या कापडाचा मुखवटा, एक पिशवी, तांब्याची ऑक्सिजनची टाकी आणि घाण शोषून घ्यायला कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला काथ्या! पहिल्यांदा तो पाण्याच्या टाकीत तासभर बसला. नंतर उघड्या पाण्यात साडेपाच मीटर उतरला, तेव्हा वरच्या मदतनिसांनी त्याला इतक्या घाईने ओढून घेतलं की त्याला थोडी इजाच झाली. पण मला ते मदतनीस आवडतात. ऑफिसातही असे लोक असतात. जरा जास्तच तत्पर, पण वेळेला दोरी त्यांच्याच हातात असलेली बरी.

या यंत्राने कमाल केली ती १८८० साली. सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणताना आत पाणी घुसलं. आतला लोखंडी दरवाजा बंद करायचा होता. अलेक्झांडर लँबर्ट हा कसलेला पाणबुड्या नेहमीच्या पोशाखात गेला, पण त्याची हवेची नळी वाटेत अडकायची. शेवटी फ्ल्यूसचं यंत्र घालून तो मिट्ट काळोखात, बुडालेल्या बोगद्यातून हजार फुटांहून जास्त चालत गेला आणि दरवाजा बंद करून आला. भिजवलेल्या काथ्याच्या जोरावर!

योगायोग बघा. ज्या १८७८ साली फ्ल्यूसने ऑक्सिजनचं यंत्र केलं, त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाचं जाडजूड पुस्तक बाहेर पडलं, आणि त्यात लिहिलेलं होतं की दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन हे विष आहे, त्याने झटके येतात. कर्ज आणि त्याच्या अटी एकाच दिवशी हातात पडाव्यात, तसं हे. अटी कोण वाचतं?

अटी न वाचणाऱ्यांत एक फार मोठं नाव आहे. झाक कुस्तो, फ्रेंच आरमारातला अधिकारी. पुढे समुद्राच्या सिनेमांमुळे जगभर गाजला तोच. १९३९ साली त्याने जहाजावरच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून एक यंत्र बनवून घेतलं. साहित्य : गॅस-मुखवट्याचा डबा एक, त्यात सोडा लाइम, ऑक्सिजनची छोटी बाटली एक, मोटारसायकलच्या ट्यूबचा तुकडा एक. कृती : सर्व जोडून पाण्यात उतरणे. कुस्तो पंचेचाळीस फूट खाली गेला. तेवढी खोली चालते अशी त्याची समजूत होती. आज शुद्ध ऑक्सिजनला सहा मीटरच्या, म्हणजे वीस फुटांच्या खाली कुणी नेत नाही. त्याचे ओठ थरथरू लागले, पापण्या फडफडल्या, पाठ धनुष्यासारखी वाकली. कसाबसा कमरेचा शिशाचा पट्टा सोडला म्हणून तो वर आला. यंत्रात सुधारणा करून तो पुन्हा उतरला आणि पुन्हा तेच झालं. यंत्रात खोट नव्हतीच. ट्यूब चांगली होती, डबा चांगला होता. खोट होती ती न दिसणाऱ्या हिशेबात.

मग १९४२ च्या डिसेंबरात तो पॅरिसला एमिल गान्यान नावाच्या इंजिनिअरला भेटला. महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी गॅसवर चालवत. त्या मोटारींना मागतील तेवढाच गॅस पुरवणारी बेकेलाइटची एक डबी गान्यानने केली होती. मागणी तसा पुरवठा! आम्हा कॉमर्सवाल्यांना पहिल्या वर्षी हे शिकवतात, पण त्यावर श्वास घेता येईल हे प्राध्यापकांना सुचलं नाही. फुप्फुसाने मागितलं की तिथल्या पाण्याच्या दाबाची हवा द्यायची, नाही मागितलं की बंद. नावे-जमा आपोआप जुळवणारा हिशेबनीसच तो.

१९४३ च्या जानेवारीत मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात चाचणी झाली. आडवं पोहताना सगळं ठीक. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढवेना. दोघे निराश होऊन परत निघाले आणि वाटेतच कारण सापडलं. हवा आत घेण्याची जागा आणि बाहेर सोडण्याची जागा यांत सहा इंचांचं अंतर होतं. उभं राहिलं की त्या सहा इंचांच्या पाण्याच्या दाबाचा फरक पडायचा. सहा इंच! आमच्याकडे सहा पैशांचा फरक पडला की अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसायची, त्याला लोक हसायचे. दोन्ही तोंडं शेजारी आणली आणि 'ॲक्वालंग' तयार झालं. आजही मालवणच्या पर्यटकाच्या तोंडाशी जे असतं ते याच डबीचं खापरपणतू.

उन्हाळ्यात कुस्तो ते घेऊन भूमध्य समुद्रात उतरला, तेव्हाची व्यवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याची बायको सिमोन वर पोहत, चष्म्यातून खाली नजर ठेवून होती. मित्र फ्रेडरिक द्युमा किनाऱ्यावर बुडी मारायच्या तयारीत होता. ट्यूब-डब्याच्या वेळचा धडा वाया गेला नव्हता. (आमची ही म्हणते, बायकोने वरून नजर ठेवण्यात विशेष ते काय, जमिनीवर आम्ही दुसरं काय करतो?)

युद्ध संपल्यावर ही डबी कारखान्यात होऊ लागली. पण सामान्य माणसाच्या खिशाला ती पेलणारी नव्हती. म्हणून पुन्हा घरगुती लोक सरसावले. ब्रिटनमध्ये विमानदलाच्या भंगारातले ऑक्सिजनचे सिलिंडर स्वस्तात मिळत आणि स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर थोडा खटपट करून श्वासाच्या कामी लावत. १९५५ साली तर 'प्रॅक्टिकल मेकॅनिक्स' या मासिकाने घरच्या घरी ॲक्वालंग करण्याची कृती छापली. आपल्या मासिकांत त्या पानावर लिंबाचं गोड लोणचं असतं.

हा सगळा इतिहास मी उकरून काढला त्याला कारण आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा. मुलगा हुशार, हात चांगला. मालवणला एकदा पाण्याखाली जाऊन आल्यापासून त्याला झपाटलेलं. एका रविवारी आला आणि म्हणाला, "काका, तुमचा जुना फ्रिज मोडीत काढणार आहात ना? त्याचा कंप्रेसर मला द्या. मी स्वतःचा स्कूबा सेट करतोय. बाजारात केवढ्याला पडतो माहितीये?"

किंमत मला माहीत होती. म्हणूनच 'नको' म्हणून त्याला उडवून लावणं बरोबर वाटेना. मी त्याला बसवला, पोहे दिले आणि फ्रँकलिनच्या फळ्यांपासून सुरुवात केली.

"हे बघ," म्हटलं, "फळी चुकली तर मनगट दुखतं. काँडर्टची नळी चुकली तर काँडर्ट जातो. पहिल्या जातीचं सामान घरी कर. पिशवी कर, दिव्याचा दांडा कर, कॅमेऱ्याची चौकट कर. पण ज्यातून श्वास घ्यायचा ते वेगळ्या खात्यात टाक. तुझ्या कंप्रेसरमध्ये तेल असतं, त्याची वाफ तुझ्या फुप्फुसात जाणार. इंजिनावर चालवलास आणि धूर आत ओढला गेला, तर कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते वातावरणाच्या दोन-सव्वादोन पट दाबाची. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये असते दोनशे पट. आणि दहा मीटरवरून श्वास रोखून वर आलास तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते, फुप्फुस फाटतं. यातलं काही हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही."

"पण काका, हे सगळे लोकही घरीच करत होते ना? त्यांनी केलं नसतं तर आज काहीच नसतं."

मुद्दा बिनतोड होता. बँकेत असता तर युनियनचा सेक्रेटरी झाला असता.

"खरंय," मी म्हटलं. "पण आमच्या बँकेत एक नियम आहे. एन्ट्री करणारा वेगळा आणि ती पास करणारा वेगळा. मेकर आणि चेकर. मॅनेजर झाला तरी स्वतःची एन्ट्री स्वतः पास करता येत नाही. तो चोर आहे म्हणून नव्हे, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. फ्ल्यूसच्या दोरीला माणसं होती. कुस्तोच्या डोक्यावर सिमोन होती. तुझा चेकर कोण?"

तो बराच वेळ पोह्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे सामान घरी करता येतं, पण चेकर घरी करता येत नाही."

मी इतकी वर्षं बँकेत काढून हे वाक्य मला सुचलं नव्हतं. फ्रिजचा कंप्रेसर भंगारवाल्याकडे गेला. मुलगा सध्या रीतसर प्रशिक्षणाचे पैसे साठवतो आहे आणि तोवर पाण्याखालच्या दिव्याचा दांडा तासतो आहे. तो वाकडा झाला आहे. चालेल.

राहता राहिला आपला लेथब्रिज. १७४९ साली, म्हणजे पिंपात पहिल्यांदा शिरल्यानंतर चौतीस वर्षांनी, त्याने लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ला पत्र लिहून आपल्या यंत्राची सगळी हकिगत कळवली. बढाई फारशी नाही, आकडे आहेत. वाव म्हणजे सहा फूट, हे आपल्या कोळी बांधवांना सांगायला नको. तर लेथब्रिज कळवतो, की दहा वाव खोल आपण शेकडो वेळा गेलो आणि बारा वावांपर्यंतही गेलो, पण मोठ्या कष्टाने. पुढे तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन १७५९ साली गेला.

तेराव्या वावाची नोंद त्याच्या हिशेबात नाही. सतरा मुलांचा बाप तो; बाराव्यावर थांबला म्हणून त्याचं तेरावं लांबलं.